स्प्लेंडर, एक्सपल्स की खरी ट्रायल्स गाडी? सोलापुरात राहून सुरुवात कशावर करावी

टोनी बोऊचे व्हिडिओ बघून हात शिवशिवणारी मंडळी आता सोलापुरातही बरीच आहेत. घराएवढा कातळ, बिनसीटची गाडी आणि पाय न टेकता वर चढणारा माणूस. २००७ पासून २०२४ पर्यंत ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता अडथळे पार करायच्या या मोटरसायकल खेळाची मैदानी आणि इनडोअर, दोन्ही जागतिक विजेतेपदं दरवर्षी याच स्पॅनिश गड्याने नेली. तो चालवतो ती माँटेसा मात्र आपल्या कुठल्या शोरूममध्ये मिळत नाही. त्यामुळे प्रश्न उरतो तो असा: बाहेरून खरी ट्रायल्स गाडी मागवायची, हिरोची कच्च्या वाटांसाठीची एक्सपल्स घ्यायची, की घरातली नाहीतर बाजारातली जुनी स्प्लेंडर सोलून कामाला लावायची?

माझं मत आधीच सांगतो. ट्रायल्सच शिकायचं असेल तर जुनी शंभर सीसी स्प्लेंडर. एक्सपल्स गाडी झकास आहे, पण ती निराळ्या कामाची.

खेळ थोडक्यात असा. आखून दिलेल्या छोट्या टप्प्याला सेक्शन म्हणतात. दोन्ही बाजूंना खुणा, त्यामधून गाडी काढायची. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा खुणेबाहेर गेलात की पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. वेगाला इथे किंमत नाही. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासून चालत आली आहे आणि तिथेही निकाल पायच ठरवतात.

म्हणजे गाडीकडून हवं काय? हलकेपणा, अगदी मंद वेगात न अडखळणारं इंजिन, पोटाखाली जागा आणि जवळजवळ जागच्या जागी वळणारं हँडल. हॉर्सपॉवरचं नाव या यादीत खूप खाली येतं. आपल्याकडे गाडीची पहिली चौकशी ‘पिकअप कसा आहे’ अशी होते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

एक इशारा. रॉयल एनफिल्डने २०१९ मध्ये ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी काढली होती, जुन्या बाजारात ती अजून दिसते. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ मध्ये एनफिल्डवर ती स्कॉटिश ट्रायल जिंकली होती, त्याची ती आठवण. दिसायला देखणी, वर उचललेला सायलेन्सरही आहे. पण वजन १८० किलोंच्या वर. नावावर जाऊन घेऊ नका, दगडांत घालू नका.

आता आकडे. खऱ्या ट्रायल्स गाडीचं वजन साधारण ६५ ते ७५ किलो, पोटाखाली ३०० मिमीहून जास्त जागा, टाकी दोन-अडीच लिटरची. स्प्लेंडर ११२ किलो, जागा १६५ मिमी. एक्सपल्स २०० फोर व्हॉल्व्ह १५८ किलोंच्या आसपास, जागा २२० मिमी, सीटची उंची ८२५ मिमी. नवी एक्सपल्स २१० यापेक्षाही दहा-एक किलो जड.

कागदावर एक्सपल्स स्प्लेंडरच्या पुढे दिसते. पुढे २१ इंची चाक, मागे १८, लांब हलणारं सस्पेन्शन, इंजिनाखाली संरक्षक पत्रा, सगळं कंपनीतूनच बसवलेलं. खडकाळ पायवाटेवर, मुरमाच्या चढावर, सीनेच्या काठच्या गाडीवाटांवर ती सुसाट जाते. पण ओढ्यातल्या नडगीएवढ्या काळ्या दगडापुढे उभी करा आणि बघा. चढते, नाही असं नाही. फक्त चढताना थोडा जोर लागतो आणि चुकलं की दीडशे किलो एका बाजूला कलतात. नवशिका चुकणारच, आणि एका सकाळी कितीतरी वेळा चुकणार. ती दोन-चारदा उचलून झाली की कमरेचा पट्टा आठवतो. पाचव्या वेळी माणूस दगडाकडे जातच नाही, सपाटीवर फेऱ्या मारत बसतो. शिकणं तिथेच थांबतं.

त्याच दगडावर सोललेली स्प्लेंडर कशी चढते ते सांगतो. पहिला गियर, क्लचवर एकच बोट, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने. पुढचं चाक दगडाला टेकायच्या जरा आधी गुडघे दाबून उठायचं, रेसचा एक छोटा झटका, हँडल मागे. चाक वर आलं की लगेच क्लच अर्धा दाबायचा, नाहीतर गाडी उभीच राहते. मग खालून खण्ण असा आवाज येतो. तो बेंड पाइप. १६५ मिमीचा हिशोब इथे चुकता होतो. म्हणून इंजिनाखाली तीन-चार मिमीचा पत्रा आधी, बाकी हौस नंतर. पत्रा असला की गाडी त्यावर घसरते, तुम्ही अंग पुढे टाकता आणि मागचं चाक आपलं आपण वर येतं. पडली तर एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरून उभी करता येते. शिकणाऱ्याला हीच सवलत लागते.

सोलणं म्हणजे काय काय? साडी गार्ड, लेग गार्ड, मागचं कॅरिअर, साइड स्टँड, मेन स्टँड, आरसे, इंडिकेटर सगळं उतरवा. बरेच किलो इथेच जातात. गियर लिव्हरचा टाचेकडचा भाग कापा, तो दगडात अडकतो. पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान, मागचं बसेल तेवढं मोठं, म्हणजे पहिल्या गियरला गाडी रांगते. हँडल रुंद आणि थोडं उंच. पाय ठेवायच्या दांड्यांना दातेरी पट्टी वेल्ड करून घ्या, गुळगुळीत रबरावर चिखलाचा बूट टिकत नाही. या कामाला सोलापूरसारखं गाव नाही. यंत्रमागांच्या जिवावर इथे पिढ्यान्‌पिढ्या लेथवाले आणि वेल्डर पोसले गेलेत. एमआयडीसीत नुसतं चित्र काढून दाखवलं तरी पत्रा वाकवून हातात देतात, वर ‘कशाला पाहिजे’ म्हणून चौकशीही करतात.

चाकं तारांचीच घ्या. अलॉय व्हील दगडावर आपटलं की चीर पडते, तार वाकली तर सरळ होते. टायर बटणाचा, मागे १८ इंचात बसेल तेवढा रुंद. ट्रायल्सचा खरा ४.००-१८ टायर स्प्लेंडरच्या मागच्या फोर्कमध्ये मावत नाही, तो नाद सोडा. खरी ट्रायल्स गाडी मागच्या चाकात जेमतेम चार-पाच पीएसआय हवा ठेवून चालते, टायर दगडावर अक्षरशः पसरतो. ट्यूबच्या चाकात एवढी हवा कमी केली तर ट्यूब चिमटते आणि व्हॉल्व्ह उपटतो. स्प्लेंडरलाही हे लागू, एक्सपल्सलाही.

स्प्लेंडरच्या मर्यादा झाकत नाही. सस्पेन्शन लगेच तळाला लागतं. हँडल पुरेसं वळत नाही, त्यामुळे घट्ट वळणं घेताना मागचं चाक उचलून फिरवायची युक्ती लवकर शिकावी लागते. मोठ्या उड्या यावर नाहीत. मागे कधीतरी पुण्यात एका ओळखीच्याची जुनी गॅसगॅस, म्हणजे खरी ट्रायल्स गाडी, थोडा वेळ चालवायला मिळाली होती. अर्धं बोट क्लच सोडला की पुढचं चाक हवेत. जे करायला स्प्लेंडरवर सगळं अंग लावावं लागतं, ते तिथे मनगटावर होतं. गाडी सोपी वाटली म्हणून आपण शिकलेलो असतोच असं मात्र नाही.

ती मागवायची झाली तर? गॅसगॅस, बीटा, शेर्को, माँटेसा यांच्या नव्या गाड्या युरोपातच सहा-सात हजार युरो आणि त्यापुढे. त्यावर वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीखालच्या तयार मोटरसायकलींवरचं शुल्क ५० वरून ४० टक्क्यांवर आलं, तरी हिशोब काही लाखांत जातोच. शेर्को हे नाव आपल्याला टीव्हीएसमुळे माहीत. हरिथ नोहाने २०२४ च्या डकार रॅलीत रॅली टू गट जिंकला तो शेर्को टीव्हीएसवरच. पण म्हणून सोलापुरात शेर्कोच्या ट्रायल्स गाडीची क्लच प्लेट मिळेल असं नाही. एक पिस्टन रिंग हवी म्हणून महिनाभर कुरिअरची वाट बघण्याची तयारी असेल, आणि आधी कुठेतरी हात बसलेला असेल, तरच या वाटेला जा. स्प्लेंडरचा क्लच तुटला तर दुपारच्या आत नवा बसतो.

उन्हाचा मुद्दा आपल्याकडे मोठा आहे. ट्रायल्समध्ये इंजिन पूर्ण जोर लावतं आणि गाडी चालते माणसाच्या वेगाने, त्यामुळे वारा लागतच नाही. खऱ्या ट्रायल्स गाडीला रेडिएटरवर पंखा असतो. एक्सपल्स २०० ला ऑइल कूलर आहे, तो वाऱ्याशिवाय अर्धाच चालतो. स्प्लेंडर निव्वळ हवेवर थंड होते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा सकाळी आठनंतर सराव करूच नका. तासभर झाला की गाडी बंद करून सावलीत लावा, हाफ क्लचचा करपलेला वास आला की लगेच. क्लच प्लेटा झिजतील, तो खर्च धरूनच चाला.

जागा? काळ्या मातीची शेतं पावसाळ्यात विसरा, माती मडगार्डखाली घट्ट बसते आणि चाक फिरायचं थांबतं. बंद पडलेल्या दगडखाणी आणि कोरडे ओढे सर्वांत चांगले, पण खाणमालकाची किंवा शेतकऱ्याची परवानगी आधी. नान्नजकडच्या माळरानावर गाडी घालू नका, तो माळढोक अभयारण्याचा भाग आहे. सुरुवातीला तर घरामागची मोकळी जागा पुरते: दोन विटांमधून आठचा आकडा, जुना ट्रकचा टायर आडवा टाकून त्यावरून ये-जा, आणि जागेवर उभं राहून तोल सांभाळणं. शेवटचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी. शाळकरी मुलगा असेल तर हे सगळं साध्या सायकलवरही शिकतो. टोनी बोऊ स्वतः सायकल ट्रायल्समधूनच आला.

मग एक्सपल्स कुणी घ्यावी? ज्याला एकच गाडी परवडते, तीच सोमवारी ऑफिसला आणि रविवारी तुळजापूरच्या घाटाकडे न्यायची आहे, त्याने. ज्याला बक्षिसं हवीत त्यानेही. आपल्या देशात स्पर्धांचा जोर सुपरक्रॉस आणि रॅलीवर आहे, ट्रायल्सवर नाही, आणि त्या वाटेने जायचं तर एक्सपल्सवर घालवलेला वेळ वाया जात नाही. भाव दीड लाखाच्या आसपास, आरटीओ आणि विमा वेगळा. मधला मार्ग म्हणून कुणी जुनी हिरो इम्पल्स सुचवतात. १३४ किलो, सस्पेन्शन चांगलं, म्हणून मोह होतो. पण ती बंद होऊन बरीच वर्षं झाली आहेत, पार्ट शोधायची हौस असेल तरच. आणि आरएक्स १०० कापायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. हलकी आहे, खरं आहे. पण चांगल्या आरएक्सला शौकीन माणूस लाखाच्या पुढे मोजतो.

सोललेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या स्वरूपात परस्पर बदल करता येत नाही, आणि आरसे-इंडिकेटर काढलेली गाडी सात रस्त्यावर अडवली तर पोलिसांशी वाद घालण्यात अर्थ नाही. छोटा हत्ती ठरवा, दोघा-तिघांत भाडं वाटून घ्या. तिघं असाल तर खाणीत कुणी पडल्यावर गाडी उचलायलाही हात मिळतात. हेल्मेट, घोट्यापर्यंतचे जाड बूट आणि नडगीची गार्ड यांचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढा.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि किलोमीटर सोडून द्या. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्ये कुठे अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. चेसिसला वेल्डिंगचा डाग आहे का ते टाकीखाली टॉर्च मारून पाहा. गाडी पहिल्या गियरला टाकून रेस न देता क्लच हळूहळू सोडा, इंजिन धडधडत का होईना पण बंद न पडता गाडी पुढे ओढत असेल तर ते आपल्या कामाचं. आरसीवर बँकेचा बोजा उतरलेला आहे का हे ऑनलाइन तपासा. वीस-तीस हजारांच्या पुढे मागत असतील तर उठून या, पलीकडच्या गल्लीत दुसरी उभी असते.