परिच्छेद क्रमांक १४: ‘ग्रेलक्वेस्ट’ मालिकेचे पुनर्वाचन

जे. एच. ब्रेनन यांच्या ‘ग्रेलक्वेस्ट’ या इंग्रजी गेमबुक मालिकेतील आठही पुस्तके मी गेल्या महिन्यात पुन्हा एकदा रीतसर खेळून काढली. दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर जवळ घेऊन, एकही नियम न चुकवता. अकराव्या वर्षी ही पुस्तके हाती आली तेव्हा त्यांनी मला पोट धरून हसवले होते. ते हसू त्या वयाचे होते की पुस्तकांचे, हे मला तपासून पाहायचे होते. ते पुस्तकांचेच होते, असे आता खात्रीने सांगते.

ज्यांनी गेमबुक कधी हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, या प्रकारात गोष्ट क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत विभागलेली असते, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी वाचकाला निवड करावी लागते आणि त्या निवडीनुसार पुढच्या क्रमांकावर जावे लागते. लढाई आली की फासे टाकायचे. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे ४०० परिच्छेदांचे पुस्तक १९८२ मध्ये आले आणि ब्रिटनमधील मुले या खेळाच्या अक्षरशः नादी लागली. त्या पुस्तकाचा सूर मात्र गंभीर आहे: अंधारे भुयार, सावध पावले आणि चुकीच्या दाराआड मृत्यू. १९८४ मध्ये ‘द कॅसल ऑफ डार्कनेस’पासून ‘ग्रेलक्वेस्ट’ सुरू झाली. तिच्यातही भुयारे आणि मृत्यू यांना तोटा नाही, पण त्या अंधारात कोणीतरी सतत आपल्याशी बोलत असते.

बोलणारा पहिला म्हणजे मर्लिन. आर्थर राजाच्या दरबारातील हा जादूगार येथे चिडखोर, विसराळू आणि मनाने अतिशय प्रेमळ असा म्हातारा आहे. दर पुस्तकात त्याचे बिऱ्हाड बदललेले असते आणि कामगिरी समजावून सांगताना तो मध्येच भलत्याच तक्रारींकडे वळतो. दुसरी म्हणजे त्याने दिलेली तलवार, एक्सकॅलिबर ज्युनियर, लाडाने ई. जे. ही तलवार बोलते, सल्ले देते, कुरकुर करते आणि आठ पायांच्या कोळ्यांना भयंकर घाबरते. माझा धाकटा भाऊ तिचे संवाद वाचत असे आणि बाकीचे सगळे मी. एकदा कोळी असलेल्या खोलीत मी शिरायचे ठरवले, तेव्हा त्याने तलवारीच्या वतीने पुस्तक मिटून मांडीखाली घेतले आणि आम्ही दुसरे दार निवडेपर्यंत परत दिले नाही. छापील पात्राच्या बाजूने एक आठ वर्षांचा मुलगा इतक्या निष्ठेने उभा राहतो, हे त्या पात्राच्या लेखनाचे यश आहे असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते.

पण या मालिकेची खरी करामत विनोदी पात्रांपेक्षा तिच्या रचनेत आहे, आणि तिचे सर्वात सुंदर उदाहरण म्हणजे परिच्छेद क्रमांक १४. आठही पुस्तकांत वाचकाचा मृत्यू झाला की त्याला याच क्रमांकावर पाठवले जाते. इतर गेमबुकांत मरण जागच्या जागी, दोन ओळींत उरकले जाते; येथे त्याला कायमचा पत्ता आहे. दोनतीन वेळा मेल्यावर हा आकडा ओळखीचा होतो, आणि मग एखाद्या लढाईच्या शेवटी ‘१४ वर जा’ अशी सूचना नजरेस पडताच, पान उलटण्याच्या आधीच हसू फुटते. केवळ एका अंकाने वाचकाला हसवणे ही साधी गोष्ट नाही. शिवाय त्या पानावर हरलेल्या मुलाला कोणी हिणवत नाही. नव्याने फासे टाकायला आणि पुन्हा निघायला सांगतात. चुकीच्या दारापाशी जुन्या पानात बोट अडकवून ठेवण्याची, म्हणजे हरलो तर गुपचूप मागे येण्याची, सवय आम्हाला दुसऱ्या गेमबुकांनी लावली होती; ‘ग्रेलक्वेस्ट’ खेळताना ते बोट आपोआप निघाले. मरण्यातही गंमत आहे हे कळल्यावर लबाडी कशाला करायची?

नियमही त्याच वृत्तीचे आहेत. दोन फाशांवर ६ किंवा जास्त पडले तर वार लागतो, म्हणजे ३६ पैकी २६ शक्यता आपल्या बाजूच्या, ई. जे. हातात असेल तर ४ पुरतात आणि शक्यता ३६ पैकी ३३ होतात, वर इजेत, म्हणजे शत्रूच्या कमी होणाऱ्या जीवनगुणांत, ५ गुणांची भर. जादूची ‘अग्निबोटे’ दहा आहेत आणि प्रत्येक बोटातून सुटणारी वीज १० गुणांची इजा करते. माझ्याकडे आलेल्या जुन्या प्रतीत आधीच्या वाचकाने शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःचे दोन्ही पंजे पेन्सिलीने गिरवून ठेवले आहेत आणि त्यांतील सहा बोटांवर फुल्या मारल्या आहेत. हिशेब ठेवण्याची याहून चांगली पद्धत मला सुचलेली नाही. समोर आलेला प्राणी मित्रत्वाने वागतो का हे लढण्याआधी फाशांवर अजमावण्याची सोयही आहे, आणि राक्षसाशी आधी बोलून पाहावे हा विचार नियमांत बसवल्याबद्दल ब्रेनन यांचे विशेष कौतुक वाटते.

मुलगी म्हणून ही पुस्तके वाचताना एक गोष्ट मला फार मोलाची वाटली होती. नायकाचे, म्हणजे खेळणाऱ्या वाचकाचेच, नाव पिप, आणि इंग्रजीतील ‘यू’मुळे पिप मुलगा की मुलगी हे वाचकावर सोपवता येते. मराठीत कोणी ही पुस्तके आणायची ठरवली तर ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’ हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहील. तो टाळता येईल. ‘दार उघड’, ‘तू तलवार उचललीस’ अशा रचनांत बोलणाऱ्याला समोरच्याचे लिंग सांगावे लागत नाही. पण ते सातत्याने साधायला अनुवादक भाषेत मुरलेला हवा. असा अनुवाद व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उणिवा आहेत. सुरुवातीचे जीवनगुण दोन फाशांच्या बेरजेला ४ ने गुणून मिळतात, त्यामुळे एखादा वाचक ८ गुणांवर निघतो तर दुसरा ४८ गुणांवर, आणि पहिल्याच्या वाट्याला साहसापेक्षा चौदावा परिच्छेदच जास्त येतो. दोन्ही बाजूंचे वार हुकत राहिले तर लढाई कंटाळवाणी होते. शेवटच्या दोनतीन पुस्तकांत प्रसंगांची गर्दी झाल्याने गोष्टीचा धागा सैल पडतो, आणि १९८७ मध्ये मालिका थांबली ते योग्यच झाले. तरी अनेक पुस्तकांत भेटणारा काव्यवेडा पिशाच्च, ज्याच्या दातांइतकीच त्याच्या कवितांचीही धास्ती घ्यावी लागते, त्याच्यासाठी मी हे सर्व दोष माफ करते. जॉन हिगिन्स यांची चित्रे भीती आणि मिस्किलपणा एकाच रेषेत पकडतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिलेच पुस्तक घ्यावे. त्यात अ‍ॅन्सॅलोम नावाच्या जादूगाराने पळवून नेलेल्या राणी ग्विनिव्हियरला सोडवायचे आहे, रचना सुटसुटीत आहे आणि मर्लिन नियम अगदी सावकाश समजावून देतो. शक्य असेल तर दोघांनी मिळून, मोठ्याने वाचावे आणि तलवार धाकट्याला द्यावी. मी या वेळी भावाला दूरध्वनीवर घेऊनच तिसरे पुस्तक खेळले; कोळ्याचे नाव निघताच त्याने तोच चिरका आवाज काढला, आणि आम्ही दुसरे दार निवडले.