बदललेलं विधेयक लगेच चर्चेला घ्यावं, थांबवावं की परत पाठवावं: लोकप्रतिनिधीला पत्र लिहिण्याआधी

10 जुलै 2025 च्या संध्याकाळी शहाद्यात एका झेरॉक्सच्या दुकानात आम्ही चौघं निवेदनाच्या प्रती काढत उभे होतो. विषय होता महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. ते संयुक्त चिकित्सा समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या समितीकडे, गेलं होतं, त्यावर 12 हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या, आणि समितीचा अहवाल आदल्याच दिवशी, 9 तारखेला, विधानसभेत आला होता. बदल काय झाले ते आधी लोकांना कळू द्या, मग चर्चा ठेवा, अशी आमची आमदारांना विनंती. प्रती अजून मशीनमधून निघत होत्या तेवढ्यात फोनवर बातमी आली. विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं होतं.

निवेदन लिहायला आम्हाला चार दिवस लागले, कारण काय मागायचं यावरच एकमत होत नव्हतं. धडगावकडची मंडळी एक म्हणत होती, साक्रीची दुसरं. म्हणून हे लिहितो आहे. समितीतून बदलून आलेलं विधेयक सभागृहात यायची वेळ होते तेव्हा मागण्या मोजक्याच करता येतात. त्यातली कोणती आपली, हे आधीच ठरलेलं असेल तर पत्र वेळेत जातं. विधिमंडळाचे नियम वेगळे असले तरी वळण तेच असतं. इथे मी लोकसभेचं धरून बोलतो, कारण वनहक्क, भूसंपादन, बियाणं हे आपले बहुतेक मोठे कायदे तिथेच होतात.

लोकसभेच्या नियमांप्रमाणे समितीचा अहवाल आला की मंत्री तीनपैकी एक प्रस्ताव मांडू शकतात. अहवालासह आलेलं विधेयक विचारात घ्या, ते पुन्हा समितीकडे पाठवा, किंवा पुन्हा लोकांच्या मतासाठी फिरवा. चौथी वाट सरकारची: जुनं विधेयक मागे घ्यायचं आणि नवं मांडायचं. कुठल्या दिवशी किती तास चर्चा, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं. तिचे अध्यक्ष लोकसभाध्यक्षच असतात. भांडण पेटतं ते बहुतेक वेळा या दिवसावरून आणि तासांवरून.

लगेच घ्या

ही धडगावची मागणी, आणि ती का, हे समजायला एक कागद पुरतो. वनहक्काचे दावे भरताना एका आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पावती काढून दिली होती. वनखात्यानं अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची, 1987 सालची. घड्यांवर चिरलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. दंड भरल्याचा तो कागद आता जमीन कसत असल्याचा पुरावा होता.

पण 13 डिसेंबर 2005 ला वनहक्क विधेयक मांडलं गेलं तेव्हा त्यात 25 ऑक्टोबर 1980 ही तारीख होती. त्याआधीपासून जमीन ताब्यात असेल तरच हक्क. त्या मजकुराप्रमाणे 1987 ची पावती काही कामाची नव्हती. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, अध्यक्ष होते किशोरचंद्र देव. 23 मे 2006 ला अहवाल आला आणि विधेयकाचा चेहराच बदलला. तारीख 13 डिसेंबर 2005 पर्यंत पुढे आली. आधी फक्त अनुसूचित जमातींपुरतं असलेलं विधेयक इतर पारंपरिक वननिवासींनाही लागू झालं. मंजूर होईपर्यंत अडीच हेक्टरची मर्यादा चार हेक्टर झाली. 15 डिसेंबर 2006 ला लोकसभेनं आणि 18 ला राज्यसभेनं ते मंजूर केलं.

म्हणजे बदललेलं विधेयक हेच आपलं विधेयक होतं. अहवाल येऊनही ते सात महिने पडून राहिलं, आणि त्या सात महिन्यांत सातपुड्यातल्या माणसाला धास्ती एकच, हे बारगळलं तर? ज्याच्या हातात नवा हक्क पडायचा आहे त्याला उशीर परवडत नाही. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यात पडून असलेलं विधेयक संपतं, राज्यघटनेच्या 107 व्या कलमातच तसं आहे. राज्यसभेनं मंजूर करून लोकसभेत आलेल्या विधेयकाचीही तीच गत. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेनं 9 मार्च 2010 ला मंजूर केलं होतं. लोकसभेत त्यावर मतदान झालंच नाही आणि 2014 मध्ये ते मेलं. पुढे नव्यानं कायदा व्हायला 2023 उजाडलं.

या मागणीची दुसरी बाजू मात्र त्याच वनहक्क कायद्यात आहे. इतर पारंपरिक वननिवासींना दार उघडलं, पण तीन पिढ्यांची अट घालून, आणि एक पिढी म्हणजे 25 वर्षं. त्यामुळे बिगरआदिवासी कुटुंबाला 1930 सालापासूनचा रहिवास दाखवावा लागतो. एकाच शिवारातल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाचा दावा पावतीवर उभा राहतो आणि दुसऱ्याचा नव्वद वर्षांपूर्वीच्या कागदासाठी अडतो. ही अट दोन ओळींत बसलेली आहे. घाईनं वाचणाऱ्याच्या नजरेतून अशाच ओळी निसटतात.

वेळ द्या

साक्रीच्या एका कार्यकर्त्यानं बैठकीत सगळा मसुदा ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "भाऊ, त्यामा काय शे?" त्यात आहे काय, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. माझ्या मते सगळ्यात भक्कम मागणी या प्रश्नातच आहे.

ती भक्कम आहे कारण तिला नियमाचा आधार आहे. अहवालाच्या प्रती सदस्यांना निदान दोन दिवस आधी मिळालेल्या नसतील तर विधेयक विचारात घ्यायच्या प्रस्तावाला कोणताही सदस्य हरकत घेऊ शकतो आणि ती हरकत टिकते. अट एकच: अध्यक्षांनी सूट दिली तर ती टिकत नाही. सदस्यांना स्वतःच्या दुरुस्त्या द्यायच्या तर त्या चर्चेच्या एक दिवस आधी द्याव्या लागतात. प्रतीच उशिरा आल्या तर हा एक दिवस हातून जातो. 2 एप्रिल 2025 ला वक्फ दुरुस्ती विधेयकावर चर्चा सुरू होताना विरोधकांची पहिली तक्रार हीच होती, की दुरुस्त्या द्यायला पुरेसा अवधी मिळाला नाही. अध्यक्षांचं उत्तर होतं की सरकार आणि विरोधक दोघांच्या दुरुस्त्यांना सारखाच वेळ दिला आहे. त्याच दिवशी विरोधी खासदार एन. के. प्रेमचंद्रन यांनी हरकतीचा मुद्दा मांडला, की संयुक्त समितीला मूळ विधेयकात असे बदल करण्याचा अधिकार आहे का. मुद्दा फेटाळला गेला, चर्चा मध्यरात्र ओलांडून चालली, आणि 288 विरुद्ध 232 अशी मतविभागणी झाली. विधेयकाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. मला त्यातून एवढंच दिसतं की मतं ठरल्यावर हरकत घेऊन निकाल बदलत नाही. वेळ मागायचा तर कामकाज सल्लागार समिती बसण्याआधी मागायला हवा.

आणि दोन दिवस हे खासदाराला पुरतात, गावाला नाही. मजकूर येतो इंग्रजीत आणि हिंदीत. तो मराठीत कुणीतरी करायचा, मग धडगावला पावरीत आणि शिरपूरच्या पाड्यांवर भिलीत समजावून सांगायचा. अतिदुर्गम पाड्यावर बैठक लावायलाच तीन दिवस जातात. म्हणून आमच्या मसुद्यात मी 'पुरेसा वेळ' हे शब्द खोडले आणि 'प्रत उपलब्ध झाल्यापासून किमान सात दिवस' असं लिहिलं. पुरेसा म्हणजे किती, हे मग दुसऱ्याच्या हातात राहत नाही.

पुन्हा समितीकडे पाठवा

ही मागणी ऐकायला सगळ्यात जोरकस, पण ती करताना आपल्याला विधेयक सुधारायचं आहे की थांबवायचं आहे, हे स्वतःशी स्पष्ट हवं.

सुधारण्यासाठी थांबणं कसं असतं, ते लोकपाल विधेयकात दिसलं. लोकसभेनं 27 डिसेंबर 2011 ला ते मंजूर केलं. 29 ला राज्यसभेत चर्चा रात्री बारापर्यंत चालली, 187 दुरुस्त्या आलेल्या होत्या, आणि मतदान न होताच सभागृह संस्थगित झालं. पुढे मे 2012 मध्ये ते प्रवर समितीकडे, म्हणजे एकाच सभागृहाच्या सदस्यांच्या समितीकडे, गेलं. बदललेलं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं ते 17 डिसेंबर 2013 ला, लोकसभेत दुसऱ्या दिवशी. जवळजवळ दोन वर्षं गेली, पण विधेयक वाचलं. लोकसभेची मुदत संपायला तेव्हा काही महिनेच उरले होते.

थांबवण्यासाठी पाठवणं कसं असतं, ते धुळे जिल्ह्याला नीट माहीत आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खाजगी प्रकल्पांसाठी 80 टक्के आणि खाजगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. 2015 च्या दुरुस्ती विधेयकानं पाच प्रकारच्या प्रकल्पांना यातून आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देऊ केली होती. त्यात औद्योगिक पट्टे होते. धुळे-नरडाणा परिसर दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात येतो, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला ही सूट कोणाच्या बांधावर येणार हे सांगावं लागलं नाही. 10 मार्च 2015 ला लोकसभेनं नऊ दुरुस्त्यांसह ते मंजूर केलं, राज्यसभेत सरकारकडे संख्या नव्हती, मे महिन्यात त्याच विषयाचं दुसरं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडून ते संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. समितीला मुदतवाढ मिळत गेली आणि 16 वी लोकसभा संपली तसं विधेयकही संपलं. ज्यांची जमीन जाणार होती त्यांच्यासाठी तो उशीर हाच न्याय ठरला.

तेव्हा विधेयक तुमच्याकडून काही घेत असेल तर ही मागणी करा. तुम्हाला काही देत असेल तर लोकसभेची किती मुदत उरली आहे ते आधी मोजा. शिवाय समितीची मागणी मतविभागणीशिवाय फेटाळली जाऊ शकते. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत कृषी विधेयकं प्रवर समितीकडे पाठवायचे प्रस्ताव आवाजी मतदानानं फेटाळले गेले. आम्ही मतविभागणी मागितली होती, असं विरोधक सांगत राहिले.

मागे घ्या, नवं आणा

ही वाट मला सुरुवातीला सगळ्यात स्वच्छ वाटायची. शेकडो दुरुस्त्यांचं ठिगळ लावण्यापेक्षा एकसंध मजकूर बरा, असं. आता तसं वाटत नाही.

कारण छपाईतलं आहे. प्रवर किंवा संयुक्त समितीनं दिलेल्या विधेयकात बदललेल्या शब्दांखाली किंवा बाजूला रेघ असते आणि वगळलेल्या जागी तारका असतात. दहावी शिकलेला मुलगाही त्या रेघांवरून बोट फिरवत काय नवं आणि काय गेलं ते एका संध्याकाळी काढू शकतो. नव्यानं मांडलेल्या विधेयकात एकही रेघ नसते. जुनं आणि नवं शेजारी ठेवून पहिल्या कलमापासून वाचायचं, एवढाच मार्ग उरतो.

आणि त्यासाठी दिवस किती मिळतात? प्राप्तिकर विधेयक 13 फेब्रुवारी 2025 ला मांडलं, प्रवर समितीनं 21 जुलैला 285 शिफारशी दिल्या, 8 ऑगस्टला सरकारनं ते मागे घेतलं. नवं विधेयक 11 ऑगस्टला मांडलं गेलं आणि लोकसभेत त्याच दिवशी, गदारोळात, मंजूर झालं. 536 कलमांचं विधेयक होतं ते. भारतीय न्याय संहितेची पहिली आवृत्ती 11 ऑगस्ट 2023 ची. स्थायी समितीच्या अहवालानंतर ती मागे घेऊन 12 डिसेंबरला दुसरी मांडली आणि 20 तारखेला लोकसभेनं मंजूर केली. तेव्हा लोकसभेतले जवळपास शंभर विरोधी खासदार निलंबित होते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचं विधेयक संयुक्त समितीत दोन वर्षं होतं. समितीनं 81 दुरुस्त्या सुचवल्या, ऑगस्ट 2022 मध्ये ते मागे घेतलं गेलं. वर्षानं आलेलं नवं विधेयक 3 ऑगस्ट 2023 ला मांडलं, 7 ला लोकसभेत मंजूर. ते कुठल्याच समितीकडे गेलं नाही.

करदात्यांच्या सल्लागारांकडे रात्रभर बसून दोन मजकूर ताडून पाहणारी माणसं असतात. आपल्याकडे ती नसतात. म्हणून आपण ही मागणी स्वतःहून करू नये. सरकारनंच ती वाट धरली तर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता सदनात ठेवा, एवढं मागावं.

पत्र कुणाला, काय लिहून

2024 ला निवडून आलेल्या खान्देशच्या चार खासदारांपैकी जळगाव आणि रावेरच्या सत्ताधारी पक्षाच्या आहेत, धुळे आणि नंदुरबारचे विरोधी. पत्र चौघांनाही द्या, पण मजकूर सारखा नको. विरोधी खासदाराला लिहा की दोन दिवसांच्या नियमाखाली हरकत घ्या आणि अमुक कलमावर दुरुस्ती द्या. सत्ताधारी खासदार सभागृहात आपल्याच मंत्र्याला अडवणार नाही. त्यांना लिहा की दिवस ठरण्याआधी संसदीय कार्यमंत्र्यांशी बोला. रावेरच्या खासदार स्वतः राज्यमंत्री आहेत, त्या मंत्रिमंडळाच्या भूमिकेविरुद्ध दुरुस्ती देऊ शकत नाहीत. तिथे आपलं म्हणणं आत पोचवा, एवढंच मागणं रास्त.

विधेयकाचं नाव नुसतं लिहून भागत नाही. कलमाचा आकडा लिहा, त्यानं आपल्या गावात कोणाचं काय होईल ते एका ओळीत लिहा, आणि जोडीला कागद लावा.

आमचा नवा मसुदा आता तयार आहे. विधेयकाच्या नावाची जागा कोरी आहे, कलमाची कोरी आहे, तारखेची कोरी आहे. मागणी टाइप करून ठेवली आहे: प्रत मिळाल्यापासून किमान सात दिवस, बदल दाखवणारा तक्ता, आणि चर्चा याच अधिवेशनात. धडगाव आणि साक्री दोघांनी त्यावर सह्या केल्या. धडगावच्या मंडळींनी सोबत जोडायला 1987 च्या त्या पावतीच्या पाच प्रती काढून दिल्या आहेत.