हनुवटीसाठी फिलर की इम्प्लांट?

भाचीची हनुवटी थोडी मागे आहे, त्यामुळे बाजूने पाहिलं की नाक मोठं वाटतं. फिलर घ्यावं की इम्प्लांट बसवावं, हे तिचं ठरत नाहीये.

फिलर म्हणजे बहुतेकदा हायल्युरॉनिक ॲसिडचं, म्हणजे त्वचेखाली भरायच्या जेलचं इंजेक्शन. काम तासाभरात होतं, सूज काही दिवसांत उतरते. पण परिणाम साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतो, म्हणजे खर्च पुन्हा पुन्हा. मोठी सोय अशी, की आकार आवडला नाही तर हायल्युरॉनिडेज हे एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर मात्र त्वचा मरू शकते. म्हणून पार्लरमध्ये हे कधीही करून घ्यायचं नाही, असं मी तिला बजावलंय.

सिलिकॉनचं इम्प्लांट शस्त्रक्रियेने बसवतात. खर्च एकदाच, पण मोठा, टिकतं वर्षानुवर्षं. जंतुसंसर्ग, इम्प्लांट सरकणं, खालच्या ओठाला बधिरपणा हे धोके आहेत. नको झालं तर पुन्हा शस्त्रक्रिया.

फरक थोडाच हवा असेल, किंवा बदललेला चेहरा आधी अनुभवायचा असेल, तर फिलर. हनुवटी बरीच मागे आणि निर्णय पक्का असेल तर इम्प्लांट. दातांवर दात नीट बसत नसतील तर दोन्ही थांबवून आधी ऑर्थोडॉन्टिस्टला (दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्याला) दाखवावं. दोष जबड्यात असू शकतो.