उजनीत आठ महिने फिशफाइंडर वापरून: काय घेतलं, कसं बसवलं, कुठे माती खाल्ली

गेल्या वर्षी मार्चमध्ये पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटाला बोटीचा पंखा लागला, शिअर पिन (पंखा अडकला की इंजिन वाचवायला आधी तुटणारी खीळ) तुटली, आणि मी नि माझा मेहुणा दीड तास वल्ही मारत काठाला आलो. तेव्हाच ठरवलं की आता खोली दाखवणारं काहीतरी घ्यायचंच. बायकोचं म्हणणं होतं बोटच विकून टाक. तडजोड म्हणून फिशफाइंडर, म्हणजे पाण्याची खोली नि खालचे मासे दाखवणारं यंत्र, आला.

बोट १४ फुटी, फायबरची, सेकंडहँड, मागे ५ एचपीचं इंजिन. मी राहतो सिंहगड रोडला आणि बोट असते भिगवणच्या पुढे, तिथल्याच तात्या नावाच्या शेतकऱ्याच्या रानाच्या कडेला. म्हणजे शनिवारी पहाटे साडेचारला घर सोडायचं, सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर, वाटेत एक चहा, आणि उजाडायच्या आत पाण्यात. खडकवासला दारात असताना एवढं लांब का, तर पक्षी. फ्लेमिंगो काय आमच्या पुलावर येऊन बसणार नाहीत.

उजनीची गंमत समजली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही म्हणून आधी ते सांगतो. धरण १९८० ला पूर्ण झालं, भीमेकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली, म्हणजे खाली विहिरी, ताली (शेताचे बांध), बाभळी, पडकी घरं, पळसदेवचं देऊळ असं सगळं आहे, आणि वरून शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप नि जाळी. धरण पूर्ण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३, मधे ५.८ मीटरचा फरक, १९ फूट. शून्य टक्के म्हणजे कोरडं नाही बरं का, त्याच्याखाली ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा असतोच, म्हणून तर उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे' असं छापून येतं. तर ज्या बाभळीवरून तुम्ही दिवाळीत आरामात गेलात तिचाच शेंडा मार्चमध्ये पंख्याला बरोब्बर भेटतो. आमच्या बाबतीत भेटलाच.

खरेदीच्या आधी दोन महिने मी नुसते व्हिडिओ बघत होतो. चार पर्याय होते. पहिला, पाण्यात फेकायचा बॉल आणि चित्र मोबाइलवर. काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी मस्त, पण चालत्या बोटीत दुपारच्या उन्हात मोबाइलचा स्क्रीन दिसत नाही आणि फोन तापला की मान टाकतो. दुसरा, तीन-चार हजारांचं हातात धरायचं चिनी यंत्र, दोरीला तरंगता सेन्सर. हे एका मित्राचं आणून बघितलं, थांबलेल्या बोटीत आकडा बरोबर यायचा, बोट चालू केली की सेन्सर पाण्यावर उड्या मारायचा आणि आकडा पण उड्या मारायचा. तिसरा, सात-नऊ इंची नकाशावाला चार्टप्लॉटर. समुद्रात असतो तर घेतला असता, पण माझ्या धरणाचा खोलीचा नकाशाच हातात नाही तर पैसे कशाचे द्यायचे, निळ्या रंगाचे?

शेवटी गार्मिनचा स्ट्रायकर ४ घेतला. साडेतीन इंची स्क्रीन, बटणं (टचस्क्रीन नाही हे ओल्या हातांना वरदान आहे), चर्प सोनार (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली काढतो, चर्प म्हणजे एकाऐवजी अनेक फ्रिक्वेन्सींचा आवाज), आत जीपीएस, नकाशा नाही पण ५००० पॉइंट, म्हणजे जागांच्या खुणा, साठवता येतात. भाचा अमेरिकेहून येत होता, त्याच्या बॅगेतून आला, दहा हजारांच्या आतबाहेर पडला. वॉरंटीचा विषय तिथेच संपला हे धरूनच चालायचं. घरी आल्या आल्या सोसायटीच्या टाकीत सेन्सर सोडून बघितला आणि यंत्राने काय वाट्टेल ते आकडे दाखवले. खराब पीस म्हणून भाच्याला फोन पण झाला. नंतर कळलं की टाकीत आवाज भिंतींवरून इतक्या वेळा आपटून परत येतो की यंत्र तरी काय करणार. तेव्हा टाकीत टेस्ट करून कुणी घाबरू नका.

आता बसवणं. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी इथे आहे, यंत्रात नाही.

सेन्सर, म्हणजे ट्रान्सड्यूसर, बोटीच्या मागच्या फळीला लावायचा. तळापेक्षा जरासा खाली, फायबरच्या बोटीला साधारण ३ मिलिमीटर, पंख्यापासून लांब. हे का, तर तळाखालून बुडबुडे येतात आणि सोनारला बुडबुडा म्हणजे भिंत. आता पाण्याखाली फायबरला भोकं पाडायची माझी छाती होईना, म्हणून डोकं लावलं की बोटीला आधी एक ठोकळा चिकटवू आणि स्क्रू फक्त त्या ठोकळ्यात. बोहरी आळीतून भाजी कापायचा पांढरा प्लॅस्टिकचा जाड बोर्ड आणला, कापला, इपॉक्सीने चिकटवला, रात्रभर वाळवला, हाताने ओढून बघितला, पक्का. दुसऱ्या शनिवारी वीस मिनिटं बोट चालवली आणि स्क्रीनवरचा आकडा गेला. मागे वळून बघतो तर ठोकळा सेन्सरसकट वायरला लोंबकळत पाण्यातून फरफटत येतोय. वायर धरून वर घेतला तर बोर्डाची चिकटवलेली बाजू नव्यासारखी गुळगुळीत, इपॉक्सीचा कण नाही, सगळी इपॉक्सी बोटीलाच. ते बोर्ड पॉलिथिनचे असतात आणि पॉलिथिनला इपॉक्सी धरतच नाही. घासा, खरवडा, काही करा. हे मला दुकानदाराने नाही, केमिकल कंपनीत असलेल्या शेजाऱ्याने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, आणि वर "मला आधी विचारायचं ना" हे पण.

मग मरीन प्लायचा तुकडा घेतला, सगळ्या बाजूंनी इपॉक्सीत माखला, कडा तर दोनदा, बोटीचं फायबर पॉलिश पेपरने घासून पांढरं केलं आणि मग चिकटवला. सात महिने झाले, हललेला नाही.

अजून एक रस्ता होता, सेन्सर बोटीच्या आत तळाला चिकटवायचा, आवाज फायबरमधून जातो. एकसंध फायबर असेल तर चालतं, मधे फोमचा थर असेल तर नाही. मी बघितलं करून, झिपवाल्या पिशवीत पाणी भरून त्यात सेन्सर ठेवला आणि पिशवी तळावर दाबून धरली, आकडा व्यवस्थित आला. पण मग तापमान पाण्याचं न दिसता बोटीच्या बुडाचं दिसतं, आणि चिकटवताना एक बुडबुडा राहिला तर सगळं मुसळ केरात. ज्यांच्या बोटी दगडावर घासत काठाला लागतात त्यांनी मात्र हाच विचार करावा.

वायरिंग. बॅटरी यूपीएसची साधी १२ व्होल्ट ७ एएच, तपकीर गल्लीतून. मल्टिमीटर लावून बघितलं तर यंत्र पाव अँपियरच्या आसपास खातं, म्हणजे बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी १४ तास. आमच्या दोन फेऱ्या निघतात. लिथियम फॉस्फेटची घेतली तर वजन निम्म्याहून कमी होतं, पण पैसे तिप्पट, आणि १४ फुटी बोटीत मेहुणाच ९० किलोचा आहे, तिथे एक किलो वाचवून काय करू. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाजवळच लावा, यंत्राजवळ नाही, कारण मधली वायर सोलली गेली तर आग तिथेच लागते. मी ३ अँपियरचा लावलाय. वायरीच्या टोकाला थिंबल नीट क्रिंप करून (दाबून बसवून) वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), टोकांना व्हॅसलिन. आधी मी नुसते पीळ देऊन काळी टेप मारली होती (सगळेच मारतात), महिन्याभरात टेपच्या आत तांबं हिरवं पडलं आणि यंत्र मधेच बंद-चालू व्हायला लागलं. आणि हो, इंजिनाच्या वायरी नि सेन्सरची वायर एकत्र बांधू नका, माझ्या स्क्रीनवर पाऊस पडल्यासारख्या उभ्या रेघा यायच्या, वायर दुसऱ्या बाजूने नेली आणि गेल्या.

यंत्र मी कायमचं ठोकलं नाही. प्लायच्या छोट्या खोक्यात बॅटरी आत, यंत्र वर, काम झालं की खोकं उचलून गाडीत. पोलराइज्ड गॉगल घालून मान तिरकी केली की स्क्रीन काळा दिसतो, यंत्र बिघडलेलं नाही, गॉगल काढा.

वापराचं सांगतो. पहिल्या महिन्यात मी सारखा आकड्याकडे बघत बोट चालवायचो आणि तरी एकदा पाइपावर चढलो. कारण साधं आहे, सोनार तुमच्या बुडाखालचं दाखवतो, पुढचं नाही. स्क्रीनवर उजव्या कडेचं ताजं आणि डावीकडे सरकत गेलेलं सगळं मागे पडलेलं. म्हणजे खुंट स्क्रीनवर दिसला तेव्हा तुम्ही त्याच्यावर आहात किंवा ओलांडून गेलात. त्यामुळे निव्वळ खोलीचं यंत्र घेऊन उपयोग निम्मा, जीपीएसवालंच घ्या आणि पाणी भरपूर असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हळूहळू फिरून अडथळ्यांवर पॉइंट टाकून ठेवा. उन्हाळ्यात तेच पॉइंट टाळत जायचं.

आणि पॉइंट टाकताना नुसती खोली लिहून ठेवली तर ती आठवड्यात शिळी होते. मी वहीत त्या दिवशीची धरणाची पातळी लिहितो (पेपरात येते), त्यातून खोली वजा करतो. सेन्सर पाण्याखाली जेवढा आहे तेवढं यंत्रात एकदाच भरून ठेवायचं, म्हणजे आकडा थेट पृष्ठभागापासून येतो. समजा पातळी ४९६.६० आणि खुंट ३ मीटरवर, तर खुंटाचा माथा ४९३.६०. पातळी ४९४.५ च्या खाली आली की त्या पॉइंटला लाल पेन. बस, हाच माझा नकाशा.

उरलेले पॉइंट मी घरबसल्या गूगल अर्थवर जुन्या दुष्काळी उन्हाळ्यातली चित्रं उघडून काढले, त्यात ताली आणि जुने रस्ते स्पष्ट दिसतात. यंत्राला मेमरी कार्डाची सोय नाही, एकेक पॉइंट हाताने टाकायचा. इथे मी जी माती खाल्ली ती ऐका. गूगलवर आकडा दशांशात, १८.२५ असा, आणि यंत्रात अंश-मिनिटात. मी आपलं १८ अंश २५ मिनिटं टाकलं, हवं होतं १८ अंश १५ मिनिटं. दहा मिनिटांचा फरक म्हणजे साडेअठरा किलोमीटर. रविवारी सकाळी यंत्र मला शांतपणे सांगत होतं की खुंट उत्तरेला साडेअठरा किलोमीटरवर, कुणाच्या तरी उसात आहे. सेटिंगमध्ये फॉरमॅट बदलता येतो, आधी तो बदला.

माशांच्या चित्रांचं विचाराल तर ती बंदच ठेवा. यंत्र काडीला पण मासा म्हणतं. मासा खालून गेला की स्क्रीनवर कमान उमटते, नुसत्या त्या कमानी बघायची सवय झाली की चिलापीचा थवा कळतो. वरच्या मीटरभरात कायम धुरकट दिसतं, ते शेवाळ, आणि पुण्याहून मुळा-मुठेतून आपणच पाठवलेला माल, त्याची तक्रार यंत्राकडे करता येत नाही. दोन-अडीच फुटांच्या आत आकड्यावर भरवसा नको, तिथे तात्यांचा बांबू.

तात्यांना हे यंत्र सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. त्यांचा हिशोब पुरुषात, "हितं दोन पुरुष पाणी हाय" म्हणायचे आणि मी स्क्रीन बघायचो, ११ फूट. दरवेळी. नोव्हेंबरमध्ये एकदा त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, काठावरची पाण्याची टाकी नि मागचा एकटा लिंब एका रेषेत धरला, दुसऱ्या बाजूला टॉवर बघितला आणि म्हणाले, "साहेब, आता बगा तुमच्या यंत्रात. हितं आमची हिर हाय." स्क्रीनवर तळ सपाट, ५.१ मीटर. बोट हळूच सरकत होती. काही नाही. मग मला आठवलं की बीम, म्हणजे आवाजाचा झोत, रुंद ठेवलाय. ७७ किलोहर्ट्झचा झोत साधारण ४५ अंशांचा, पाच मीटरवर चार मीटर रुंदीचं सगळं एकदम बघतो आणि त्यातला सगळ्यात वरचा भाग खोली म्हणून दाखवतो, म्हणजे विहिरीच्या कडेलाच तळ समजतो. २०० वर टाकला, तो १५ अंशांचा, सव्वा मीटरचा ठिपका. वल्ह्याने मागे घेऊन पुन्हा त्याच रेषेतून गेलो आणि ५.१ वरून रेघ एकदम ८ ला पडली, दोन सेकंद तिथे, आणि परत ५.१. तात्या काही बोलले नाहीत, खिशातून तंबाखूची पुडी काढली. मी पॉइंट टाकला, २३ नंबर. पातळी ४९६.६०, म्हणजे विहिरीचा काठ ४९१.५०.

मे महिन्यात पातळी ४९१ च्या खाली गेली तेव्हा बोट चिखलात अडकायला लागली म्हणून चालतच गेलो, खोक्यातून यंत्र नि बॅटरी पिशवीत घालून, भेगाळलेल्या गाळातून. यंत्र म्हणत होतं अजून चार मीटर पुढे, आणि तात्या माझ्या आधीच दगडी काठावर उभे राहून आत वाकून बघत होते. "निम्मी गाळानं भरली," म्हणाले. मी वहीत २३ समोर चार मीटरची दुरुस्ती लिहिली. बोट आता पावसाळ्यापुरती उलटी करून झाकून ठेवलीये, सेन्सर काढून घरी आणलाय, ठोकळा तसाच आहे.