रक्तातले मायक्रोआरएनए काढायचं किट: कॉलम चोख, पण आधी नळीची टोपी बघा

कियाजेनचं मिआरएनईझी सीरम/प्लाझ्मा किट ५० नमुन्यांचं येतं. २०० मायक्रोलिटर सीरम किंवा प्लाझ्मामधून जेमतेम २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए (जनुकांना आवर घालणारे आरएनएचे छोटे तुकडे) वेगळे काढून द्यायचे, एवढंच त्याचं काम. प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांच्या सीरममध्ये मिर-१४१ हा मायक्रोआरएनए वाढलेला दिसतो हे २००८ साली छापून आलं, तेव्हापासून अशा किटना मागणी आहे. या किटवर ‘फक्त संशोधनासाठी’चा शिक्का आहे. त्यातून निघालेला आकडा रुग्णाच्या रिपोर्टवर टाकायचा नसतो.

डबा आला की कॉलम (आरएनए अडकवणारा पडदा असलेल्या छोट्या नळ्या) लगेच २ ते ८ अंशांवर ठेवा, बाकीच्या बाटल्या बाहेर चालतात. शनिवारी आलेला डबा सोमवारपर्यंत वॉचमनच्या टेबलावर, तेही मे महिन्यात, अशी वेळ येऊ देऊ नका. क्लोरोफॉर्म, इथेनॉल आणि स्पाइक-इन (काढताना किती घट झाली ते कळावं म्हणून मुद्दाम मिसळायचा ओळखीचा आरएनए) डब्यात नसतात, ते वेगळे मागवायचे. आरडब्ल्यूटी आणि आरपीई ही धुण्याची बफर्स संहत (तीव्र) येतात, त्यांत इथेनॉल आपण घालायचं आणि झाकणावर खूण करायची. खूण राहिली, इथेनॉलही राहिलं, की धुतानाच आरएनए कॉलममधून वाहून जातो आणि अख्खी बॅच कोरी निघते.

आता कृती. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मात १,००० मायक्रोलिटर कियाझॉल (फिनॉल आणि ग्वानिडीनचं द्रव, प्रथिनं मोडून आरएनए मोकळा करणारं) घालून नीट मिसळा आणि ५ मिनिटं थांबा. मग स्पाइक-इन, म्हणजे सी. एलेगन्स कृमीच्या मिर-३९ ची कृत्रिम नक्कल, ३.५ मायक्रोलिटर (दर मायक्रोलिटरला १.६ × १०⁸ प्रती). हा क्रम उलटा करू नका. रक्तातले मूळचे मायक्रोआरएनए आर्गोनॉट प्रथिनाच्या किंवा पुटिकांच्या (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या) आडोशाला असतात म्हणून टिकतात. स्पाइक-इन उघडा असतो, थेट प्लाझ्मात टाकला तर तिथली आरएनएझ (आरएनए तोडणारी) विकरं त्याचा लगेच फडशा पाडतात. कियाझॉलमध्ये ती विकरं आधीच निकामी झालेली असतात.

पुढे २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवणं, २-३ मिनिटं थांबणं, ४ अंशांवर १२,००० जी ने १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज. जी म्हणजे गुरुत्वाच्या पटीतला जोर, मिनिटाच्या फेऱ्या (आरपीएम) नव्हे. वरचा पाणचट थर साधारण ६०० मायक्रोलिटर निघतो. शेवटचे ५० मायक्रोलिटर सोडून द्यायची तयारी ठेवा. मधल्या पांढऱ्या सायीला टिप लागली की फिनॉल आणि प्रथिनं सोबत येतात आणि पुढचा पीसीआर (प्रती वाढवून मोजण्याची क्रिया) अडखळतो. सगळ्या नमुन्यांतून सारखंच आकारमान उचला, एकातून ६०० आणि दुसऱ्यातून ५२० असं नको.

त्यात दीडपट इथेनॉल, म्हणजे ६०० ला ९००. इथे हात आखडता घेतला तर लांब आरएनए कॉलमला चिकटतो आणि नेमके छोटे तुकडे खाली निघून जातात. गढूळपणा आला तर तो खाली बसवू नका, पिपेटने ढवळून तसाच कॉलमवर चढवा, ७००-७०० करून. धुणं तीनदा: आरडब्ल्यूटी ७००, आरपीई ५००, ८० टक्के इथेनॉल ५००. साध्या आरएनए किटचं आरडब्ल्यू१ बफर उरलंय म्हणून ते आरडब्ल्यूटीच्या जागी वापरायचा मोह होतो. तो टाळा, त्यात छोटे आरएनए धुऊन जातात. मग झाकण उघडं ठेवून पूर्ण वेगात ५ मिनिटं वाळवणी आणि १४ मायक्रोलिटर पाणी पडद्याच्या बरोबर मध्यावर. हातात येतात १२. इतक्या कमी पाण्यात आरएनए उतरतो, हीच या किटची खरी कमाई.

त्या १२ पैकी एक थेंबही नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषण पाहून आरएनए मोजणाऱ्या यंत्रावर) वाया घालवू नका. प्लाझ्मातला आरएनए इतका थोडा असतो की ते यंत्र बहुतेक वेळा उरलेलं फिनॉल आणि ग्वानिडीनच मोजतं. पुढच्या आरटीला (आरएनएचा डीएनए करायच्या पायरीला) नॅनोग्रॅमच्या हिशेबाने नव्हे, सगळ्या नमुन्यांचं सारखं आकारमान घाला आणि मिर-३९ चा सीक्यू (पीसीआरच्या कितव्या सायकलला संकेत दिसला तो आकडा, जास्त म्हणजे आरएनए कमी) पाहा. बॅचमधल्या इतरांपेक्षा तो दोन सायकलनी मागे असेल, म्हणजे चौपट घट असेल, तर तो नमुना पुन्हा काढलेला बरा.

एवढं सगळं नीट झालं तरी निकाल फसतो, कारण किटला रक्त कसं काढलंय ते कळत नाही. हिरव्या टोपीची हेपरिन नळी नको. हेपरिन आरएनएसोबत कॉलममधून पार होतं आणि आरटी-पीसीआर दाबून टाकतं. जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी घ्या. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर उरलेल्या प्लेटलेट्स गोठवताना-वितळताना फुटतात आणि त्यांचाच आरएनए मोजला जातो. सर्वांत मोठा घोळ हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याचा. तांबड्या पेशींत मिर-४५१ए आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. डोळ्यांना प्लाझ्मा स्वच्छ वाटला तरी ४१४ नॅनोमीटरवर शोषण पाहा, ०.२ च्या वर गेलं तर संशय घ्या. पीसीआरवर मिर-२३ए चा सीक्यू वजा मिर-४५१ए चा सीक्यू ७ पेक्षा जास्त आला तर नमुना बाद. मिर-१६ ला ‘स्थिर संदर्भ’ मानून सगळे आकडे त्याच्याशी ताडणारे अजून दिसतात, त्यांचं काय होत असेल ते ओळखा.

कोणता मायक्रोआरएनए शोधताय यावरही किटचे पैसे वसूल होणं अवलंबून. मिर-२१ साध्या दाहातही वाढतो. याउलट अंडकोषाच्या जर्म सेल कर्करोगातला मिर-३७१ए-३पी: रक्तपेशी तो जवळजवळ बनवत नाहीत, आणि २०१९ च्या मोठ्या अभ्यासात त्याची संवेदनशीलता (रुग्ण ओळखण्याचं प्रमाण) ९०.१ टक्के, विशिष्टता (निरोगी माणसाला निरोगी ठरवण्याचं प्रमाण) ९४ टक्के आली. टेराटोमा हा त्यातलाच एक प्रकार मात्र त्यातही सुटतो.

फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) नसेल तर याच कंपनीचं अ‍ॅडव्हान्स्ड किट घ्या. त्यात फिनॉल-क्लोरोफॉर्म नाही, प्रथिनं अवक्षेपित करून खाली बसवली जातात, आणि वेळही कमी लागतो. फक्त एकाच अभ्यासातले अर्धे नमुने या किटने आणि अर्धे त्या किटने काढू नका. नंतर दिसणारा फरक कर्करोगाचा की किटचा, ते कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.