उपाशीपोटी साखर की एचबीएवनसी?

आईला मधुमेह, म्हणून मैत्रिणीला तपासणी करायचीय. पण कोणती, यावर गाडी अडलीय.

मधुमेह एका रात्रीत होत नाही. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून साखर सावरत राहतं. ते थकू लागलं की आकडे चढतात. तोवर बरीच वर्षं गेलेली असतात, आणि बाहेरून काहीच जाणवत नाही.

उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या सकाळचा फोटो. किमान 8 तास उपास हवा; आदली रात्र जागून काढली किंवा अंगात ताप असला तरी आकडा हलतो. 100 ते 125 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) ही मधुमेहाची पूर्वावस्था, 126 पासून मधुमेह.

एचबीएवनसीला उपास नको. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. त्यामुळे दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, आदल्या दिवशीच्या पथ्याने ती बदलत नाही. 5.7 ते 6.4 टक्के पूर्वावस्था, 6.5 पासून मधुमेह. मला हीच जास्त भरवशाची वाटते, पण रक्त कमी असेल तर ती फसवते: लोहाच्या कमतरतेने आकडा फुगतो, नुकतंच रक्त चढवलं असेल तर बिघडतो. खर्चही जास्त.

लक्षणं नसताना एकाच आकड्यावर निदान नको, दुसऱ्यांदा खात्री करावीच.

मैत्रिणीचं हिमोग्लोबिन चांगलं आहे, तिने एचबीएवनसी करावी. रक्तक्षय असेल किंवा दिवस गेले असतील, तर थेट रक्तातली साखरच मोजावी.