फॅमिली प्लॅन मुदतीआधी मोडावा की वर्ष पुरं करावं?

दिवाळीच्या ऑफरमध्ये चार नंबरांचा फॅमिली प्लॅन घेतलेली घरं आमच्याकडे बरीच आहेत. आमचंही त्यातलंच. मी आणि बायको रत्नागिरीत, आई-बाबा देवगड तालुक्यातल्या वाडीवर. मुख्य नंबर माझा, बाकी तीन त्याला जोडलेले, बिल एक. घेताना वर्षभराची अट होती आणि मधेच मोडला तर दीड हजार भरायचे. जूनमध्ये, म्हणजे पाच महिने शिल्लक असताना, मी तो मोडला. सध्या ओळखीतले दोघे-तिघे त्याच विचारात आहेत, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी फॉर्म काढून बघा. पुष्कळ पोस्टपेडला मुदतीची अट नसतेच, महिन्याचं बिल भरलं की तुम्ही मोकळे. अट येते ती हँडसेट, खास नंबर किंवा मोठी सूट घेतलेली असली तर. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या महागड्या प्लॅनला सहा महिन्यांचं बंधन होतं आणि मोडल्यास तीन हजार. तुमच्या कागदावर असं काही नसेल तर पुढचा अर्धा लेख तुमच्यासाठी नाही.

पैशांचं लवकर उरकतो, कारण माझा निर्णय पैशांवर झाला नाही. पोस्टपेडची जाहिरातीतली किंमत जीएसटी धरून नसते, प्रीपेडची धरून असते. जोड नंबराचे तीनशे दिसतात, बिलात १८ टक्के लागून ते ३५४ होतात. दुसरीकडे, ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये सांगितल्यावर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज काढले. मी बघितले तेव्हा त्यातले वर्षाचे अठराशेच्या आसपास होते, म्हणजे महिना दीडशे. आई-बाबांना घराबाहेर नेट लागत नाही, घरात गावच्या केबलवाल्याचं वायफाय आहे. दोघांचे मिळून महिन्याला चारशे वाचतात, पाच महिन्यांचे दोन हजार. दंड दीड हजार. आम्हा नवरा-बायकोचा खर्च मोडल्यावरही जवळपास तेवढाच राहिला, तो मी धरलेला नाही. उरले पाचशे, आणि वर्षाच्या रिचार्जला एकदम सदतीसशे मोजावे लागतात ते वेगळंच. तुमच्या घरी दोन कॉलेजची मुलं असतील आणि डेटा वाटून वापरत असाल तर हाच हिशेब उलटा पडेल. अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज वर्षात तेरा होतात, हेही त्यात धरा.

‘वर्षभर बांधून घेतलं म्हणजे दर तरी वाढणार नाही’ असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं. ट्रायच्या नियमाने प्लॅन घेतल्यापासून सहा महिने दर वाढवता येत नाही, पुढे येतो. एकरकमी भरलेला वर्षाचा रिचार्ज मात्र वर्षभर तसाच चालवावा लागतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले तेव्हा आगाऊ वर्ष भरून बसलेल्यांना त्याची झळ लागली नव्हती.

आता मुद्द्यावर येतो.

कोकणात रेंज हा प्रकार वाडीगणिक बदलतो. एक वाडी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दुसरी खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला, तिसरी खाडीपलीकडे. टॉवर मात्र बाजारपेठेच्या बाजूला तोंड करून. त्यात घर चिऱ्याचं. ओटीवर तीन दांड्या असतात, माजघरात गेलं की एक, देवघरापाशी तीही नाही. हे आम्ही जन्मापासून धरून चालतो. अडचण होते पावसात. वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. टॉवर काही तास बॅटरीवर चालतो. लाईट रात्रीतून आली नाही आणि जनरेटरला डिझेल पोचलं नाही की सकाळी टॉवर गप्प. घरातलं वायफाय त्याआधीच गेलेलं असतं.

आणि सगळं घर एकाच कंपनीवर असलं की सगळं घर एकदम गप्प होतं. फॅमिली प्लॅनचा जो फायदा म्हणून सांगतात, तोच इथे अंगाशी येतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमचं तसंच झालं. मी इकडून लावतोय तर दोन्ही नंबर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला, आई होती. ‘अरे, काकीच्या फोनवरसून करतंय. आमचे दोनय फोन मेले.’ शेजारच्या काकींचं सिम दुसऱ्या कंपनीचं. त्या कंपनीचा टॉवर पलीकडच्या सड्यावर, तिथली लाईट गेली नव्हती.

एवढ्यावर मी प्लॅन मोडला नसता. वारापाऊस कंपनीच्या हातात नाही, हे मलाही कळतं. मोडला तो त्यानंतरच्या तक्रारीमुळे. कस्टमर केअरला लावलं तर म्हणाले, तक्रार मुख्य नंबरवरूनच घेतो. मुख्य नंबर माझा, आणि मी बसलोय रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी, फोनला पूर्ण दांड्या. त्यांनी माझ्या भागाचा टॉवर तपासला आणि फार नम्रपणे सांगितलं, ‘सर, आपल्या एरियात नेटवर्क व्यवस्थित आहे.’ मी म्हटलं, रेंज आईची गेलीय. ते म्हणाले, मग त्यांना त्यांच्या नंबरवरून फोन करायला सांगा. रेंज नसलेल्या फोनवरून! पुन्हा लावलं, दुसरा माणूस, पुन्हा माझाच पिनकोड. वाडीचा पिनकोड दिला तर ‘खात्याचा पत्ता वेगळा दाखवतोय’. शेवटी तक्रार नोंदवली गेली आणि संध्याकाळी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज मला आला. आई-बाबांचे फोन तेव्हाही बंदच होते.

कदाचित दुसऱ्या कंपनीत हे असं नसेल. माझा अनुभव एकाच कंपनीचा आहे, तो सगळ्यांना लावू नये. पण खातं एकाच्या नावावर आणि वापर चार ठिकाणी, ही रचना सगळीकडे सारखीच. ज्यांचं सगळं घर एका छपराखाली आहे त्यांना हा त्रास कधी जाणवायचाही नाही. घर गावात आणि मुख्य नंबर मुंबईत किंवा पुण्यात असेल, म्हणजे आपल्याकडचं दर दुसरं घर, तर या ना त्या रूपात तो येतोच.

‘मोडायचा कशाला, बाबांच्या फोनमध्ये दुसरं सिम घाला’ असं माझ्या भावाने सुचवलं. सूचना वाईट नाही. दंड वाचतो, वर्ष निभतं, अडीअडचणीला दुसरी कंपनी हाताशी राहते. तुमच्या घरची मंडळी सिम बदलून फोन लावू शकत असतील तर हाच मार्ग सगळ्यात स्वस्त, असं म्हणायला माझी हरकत नाही. आमच्या बाबांच्या बटणांच्या फोनमध्ये दोन सिमची सोय होतीच. पण ‘सिम एक की सिम दोन’ असं फोनने विचारलं की ते लाल बटण दाबून फोन खिशात टाकतात. शिवाय दोन महिन्यांत दुसऱ्या सिमचा रिचार्ज विसरला जातो आणि नेमका पावसात ते बंद असल्याचं कळतं.

म्हणून आम्ही आईचा नंबर एका कंपनीत नेला, बाबांचा दुसऱ्या. नंबर तेच, त्यामुळे बँक, गॅस, आधार कशालाही हात लावावा लागला नाही. एका टॉवरची लाईट गेली तरी दोघांपैकी एकाचा फोन बहुतेक वेळा लागतो. कंपनी निवडताना काकींच्या फोनवरून माजघरातून बोलून बघितलं, तेवढीच चाचणी. एप्रिल २०२५ पासून कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे आपापल्या साइटवर ठेवावे लागतात, तेही बघा; पण नकाशात तुमचं माजघर नसतं. बीएसएनएललाही आधीच यादीतून वगळू नका. त्यांचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, सुमारे ९७,५०० टॉवरांवर. तुमच्या वाडीला त्यातला एखादा लागू आहे का ते शेजारी सांगतील.

मोडायचं ठरलं तर थोडं वेळापत्रक सांभाळावं लागतं. नवं बिल आलं की ते भरून टाका आणि लगेच पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, कोड मागा. बिल थकलेलं असेल किंवा अटीतला दंड भरलेला नसेल तर पोर्ट नाकारतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. कोडसाठी इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून, नंबर टाकून १९०० वर एसएमएस करायचा. तो ज्याचा नंबर त्याच फोनवरून जायला हवा. म्हणजे ज्या रेंजला कंटाळून निघालोय तीच आधी शोधायची. आईला घेऊन सड्यावर जाऊन आलो.

कोड चारच दिवस चालतो. मुंबईत बसून कोड काढायचा आणि सिम घ्यायला गणपतीत गावी जायचं, हे जमायचं नाही. पोर्टला एका सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉमच्या एकाच विभागात, तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. टेलिकॉमच्या लेखी मुंबई वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं, हे चाकरमान्यांनी लक्षात ठेवावं. नंबर सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस तरी झालेला हवा. फोन खाडीत पडला म्हणून नुकतंच नवं सिम काढलं असेल तर जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सात दिवस कोडच मिळत नाही.

आणि नंबर कोणाच्या नावावर आहे ते बघा. आईचा माझ्या नावावर निघाला, म्हणजे अंगठा द्यायला मीच हवा. बाबांचा त्यांच्याच नावावर होता, तर काजूचा हंगाम नुकताच संपलेला. बिया सोलून बोटांची सालं निघालेली, मशीन एकही बोट घेईना. जामसंड्याच्या दुकानातल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसून घेतली, डाव्या हाताची करंगळी लावली, तेव्हा हिरवा दिवा लागला.

कंपनी चांगली आहे, वैताग फक्त एकत्र खात्याचा आहे, असं असेल तर पोर्टची गरज नाही. त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड ओटीपीवर होतं, २०२१ पासून त्यासाठी पुन्हा कागदपत्रं लागत नाहीत. पटलं नाही आणि परत फिरायचं असेल तर पूर्वी नव्वद दिवस थांबावं लागे, जून २०२५ पासून पहिल्या वेळेला तीस. दंड मात्र इथेही टळत नाही.

मुदत दोन-एक महिन्यांवर आली असेल तर मी म्हणेन, थांबा. फक्त पावसाळा त्या दोन महिन्यांत येतोय का ते बघा. दंड हँडसेटच्या किमतीइतका असेल तरीही थांबा आणि भावाचा दुसऱ्या सिमचा मार्ग धरा. एरवी, गावी म्हातारी माणसं एकटी असतील तर हजार-दीड हजारासाठी मी वर्ष पुरं करत बसणार नाही. हे माझं मत, आमच्या वाडीपुरतं. भाऊ अजूनही त्याच्या सासरच्या सहा जणांच्या प्लॅनमध्ये आहे आणि खूश आहे. सगळे नवी मुंबईत, एकाच सोसायटीत.

पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं एक शेवटचं बिल येतं, अर्ध्या महिन्याचं. ते येईपर्यंत बँकेतला ऑटोपे चालू ठेवा, पैसे गेले की मगच बंद करा. बिल राहिलं तर जुनी कंपनी कळवते आणि नव्या कंपनीतला चालू नंबरही बंद होऊ शकतो. आमचं ते बिल माझ्या जुन्या ईमेलवर आलं होतं, जो मी महिन्यातून एकदा उघडतो.